घटक ४ : ताराबाई शिंदे – व्यक्तीचे मन आणि समाजाची चिकित्सा

४.१ प्रास्ताविक



एखाद्याच्या हातून अपराध घडला की आपल्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो त्याच्या स्वभावाचा. तो असा कसा निघाला, ती अशी कशी वागली, असे आपण विचारतो. दुसरा प्रश्न सहसा मागाहून येतो, पुष्कळदा येतच नाही : ज्या परिस्थितीत हे घडले ती कोणी निर्माण केली आणि तिच्यात कोणाचे हित होते? पहिला प्रश्न माणसाच्या मनाचा शोध घेतो, दुसरा समाजव्यवस्थेची झडती घेतो. या दोन प्रश्नांचा परस्परांशी संबंध काय, यावर विसाव्या शतकातील युरोपात बराच खल झाला. त्याकडे आपण या घटकाच्या उत्तरार्धात वळणार आहोत. परंतु मराठीत हा संबंध १८८२ सालीच एका स्त्रीने मोठ्या धीटपणाने उघड करून दाखविला होता, आणि ती मुंबई-पुण्याची नव्हे, तर वऱ्हाडातील बुलढाण्याची होती.

तुमच्यापैकी जे मेहकर तालुक्यातील डोणगावसारख्या गावात राहून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत, त्यांना बुलढाणा परिचित आहे ते जिल्ह्याचे ठिकाण म्हणून. मेहकर, चिखली करीत तिथे जावयाचे, कचेरीतील काम उरकावयाचे आणि परतीची बस गाठावयाची. ताराबाई शिंदे यांचे चरित्र अशाच एका कचेरीच्या सावलीत सुरू होते.

४.२ घर, शिक्षण आणि विवाह

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढे डोंगरमाथ्यावरील, थंड हवेचे बुलढाणा हे जिल्ह्याच्या कारभाराचे केंद्र झाले आणि तेथे साहेबांच्या बंगल्यांसोबत कारकुनांची घरेही उभी राहिली. बापूजी हरी शिंदे हे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्या घरी १८५० च्या सुमारास ताराबाईंचा जन्म झाला. कुटुंब मराठा, प्रतिष्ठित; महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांशी आणि पुढे सत्यशोधक समाजाशी जवळीक असलेले. बापूजींना स्वतःला लेखनाची आवड होती. सुशिक्षित देशबांधवांना उद्देशून लिहिलेले त्यांचे 'हिंट टू द एज्युकेटेड नेटिव्ह्ज' हे पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्या काळी त्या भागात मुलींसाठी शाळा नव्हती. बापूजींनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले. ही गोष्ट आज वाचताना सहज वाटते. परंतु मुलगी शिकली तर तिला वैधव्य येते, असे मानणाऱ्या समाजात ती सहज नव्हती. या शिक्षणाचे फळ काय होते, ते ताराबाईंच्या निबंधावरूनच दिसते. संस्कृत सुभाषिते, पुराणकथा, वृत्तपत्रांतील वाद, 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या त्या वेळच्या लोकप्रिय कादंबऱ्या, हे सारे त्यांच्या वाचनात होते. आणि वाचलेले निमूटपणे स्वीकारण्याची सवय मात्र त्यांना लागलेली नव्हती.

ताराबाईंचा विवाह लहान वयातच झाला. पती घरजावई म्हणून शिंद्यांच्याच घरी राहावयास आले. त्यामुळे सासुरवासाचा जाच त्यांच्या वाट्याला आला नाही आणि इतर मराठा स्त्रियांच्या मानाने त्यांना काहीशी मोकळीक मिळाली. त्यांना अपत्य नव्हते. मोकळीक असली तरी घर मराठ्यांचे होते आणि पडदा पाळणारे होते. आपण चार भिंतींत कोंडलेली, जगाचा अनुभव नसलेली बाई आहोत, असे ताराबाई निबंधाच्या आरंभी नमूद करतात. हा विनय म्हणावा की उपरोध? पुढील पानांवर जी वाग्धारा वाहते ती पाहता तो उपरोधच अधिक असावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

येथे थोडे थांबा. घरजावई पती, अपत्यहीन संसार आणि पुरुषांवर कोरडे ओढणारा निबंध, एवढ्या तीन गोष्टी समोर आल्या की त्यांना एका सूत्रात ओवण्याचा मोह होतो. संसारात सुख नव्हते म्हणून लेखणीला धार आली, असे म्हणून आपण मोकळे होतो. या मोहापासून सावध राहा. कोणत्याही बंडखोर लेखिकेला गप्प करण्याचा हा जुना आणि सोपा उपाय आहे : तिच्या म्हणण्याचे उत्तर द्यावयाचे नाही, तिच्या मनाचे निदान करावयाचे. आणि गंमत अशी, की ताराबाईंनी ज्या युक्तीविरुद्ध संपूर्ण निबंध लिहिला ती हीच युक्ती होय.

४.३ सुरतेचा खटला

१८८१ मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. वैधव्यात झालेल्या अपत्याला तिने मारले, असा आरोप होता. न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा सुनावली. अपिलात ती कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. खटल्याची चर्चा मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रांतून सुरू झाली. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ सालीच मान्यता दिली होती, परंतु कायदा पुस्तकात होता आणि रूढी घरात होती. तेव्हा दोष कोणाचा, हा प्रश्न निघणे अपरिहार्य होते. 'पुणे वैभव' या सनातनी वळणाच्या पत्राने तो विजयालक्ष्मीपुरता ठेवला नाही. स्त्रीजातच चंचल, हल्ली तर ती अधिकच स्वैर झाली आहे, असा सूर त्याने लावला.

याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते. फसलेल्या विधवेने तेथे यावे, बाळंत व्हावे, मूल तेथेच ठेवून जावे, अशी सोय होती. या संस्थेमागील विचार लक्षात घ्या. बालहत्या ही दुष्ट स्वभावातून होत असती, तर आसरा दिल्याने ती थांबण्याचे कारण नव्हते. आसरा मिळताच मूल वाचते, याचा अर्थ आईचा हात चालविणारी शक्ती तिच्या स्वभावात नव्हती. ती बदनामीच्या भीतीत होती, आणि ती भीती समाजाने तिच्या मनात रुजविलेली होती. फुले दांपत्याने हे कृतीने दाखविले. ताराबाईंनी ते युक्तिवादाने मांडले.

४.४ 'स्त्रीपुरुषतुलना' : युक्तिवादाची रीत

ताराबाईंचा निबंध १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. शीर्षकाच्या जोडीला उपशीर्षक होते आणि त्यात निबंधाचा मुद्दाच सांगितला होता : स्त्रिया आणि पुरुष यांत साहसी कोण, ते स्पष्ट करणे. 'साहस' या शब्दाचा आजचा अर्थ शौर्याकडे झुकणारा आहे. त्या काळी मात्र अविचाराने, परिणामांची पर्वा न करता केलेले दुष्कृत्य, असाही अर्थ त्याला होता, आणि निबंधात तोच अभिप्रेत आहे. परीक्षेत या शब्दाचा अर्थ लिहिताना अनेक विद्यार्थी फसतात.

स्त्रियांवर ठेवले जाणारे दोष ताराबाई एका संस्कृत सुभाषिताच्या आधारे घेतात. स्त्री म्हणजे संशयाचा भोवरा, उद्धटपणाचे घर, साहसाचे नगर, कपटाचे आगर, अशी बिरुदे त्यात एकापुढे एक ठेवलेली आहेत. ताराबाई एकेक बिरुद उचलतात आणि ते खरोखर कोणाला शोभते, याची तपासणी करतात. वाचकाला, म्हणजे पुरुषवाचकाला, त्या थेट समोर उभे करून प्रश्न विचारतात. भाषा घरगुती आहे, म्हणी आणि टोमणे यांनी भरलेली आहे. वाक्ये लांबच लांब जातात आणि अचानक एखाद्या फटकाऱ्याने संपतात. पंडिती निबंधाचा साचा त्यांनी स्वीकारला नाही. ओसरीवरचा वाद जसा रंगतो तसा हा निबंध रंगतो.

स्त्रिया सर्वस्वी निर्दोष आहेत, असा दावा मात्र त्या करीत नाहीत, हे नीट लक्षात घ्या. त्यांचे म्हणणे तुलनेचे आहे. जे दोष स्त्रीत दिसतात ते पुरुषातही आहेत, बहुधा अधिक आहेत. मग एकीचा दोष तिच्या जातीचा आणि दुसऱ्याचा दोष त्याच्या एकट्याचा, असा न्याय का? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, स्त्रीचा म्हणून जो दोष दाखविला जातो तो बहुतेक वेळा तिला ज्या स्थितीत ठेवले आहे तिचा परिणाम असतो. शिकू द्यावयाचे नाही आणि अडाणी म्हणून हिणवावयाचे. पैशाच्या लोभाने कोवळी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधावयाची आणि तिचे मन रमले नाही की तिला चंचल म्हणावयाचे. गोड शब्दांनी विधवेला नादी लावावयाचे, संकट येताच नामानिराळे व्हावयाचे आणि मागे एकटी उरलेली ती साहसी ठरावयाची.

विधवेच्या मनाविषयी ताराबाईंनी लिहिलेला भाग या घटकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. केशवपन केले, अलंकार उतरविले, मंगलकार्यात येण्यास बंदी केली. या सर्व उपायांनी शरीराचे रूप पालटले, परंतु अंतःकरणातील इच्छा, हौस, माया यांचे काय झाले, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्नी निवर्तली की पुरुष लगोलग दुसरी आणतो. त्याच्या मनाला ओढ असते हे सर्वांना मान्य आहे. तीच ओढ स्त्रीच्या मनात असली की ते पाप होते. मन दोघांचे एकाच जातीचे. नियम मात्र दोन. ब्राह्मणांचे अनुकरण करून पुनर्विवाहाला बंदी घालणाऱ्या वरिष्ठ मराठा घराण्यांवरही त्यांनी टीका केली आहे. म्हणजे आपले घर त्यांनी वगळले नाही. सामान्य कुणबी कुटुंबात विधवेचा पाट लागत असे. प्रतिष्ठा वाढली की तो बंद होत असे. प्रतिष्ठेची किंमत कोणी मोजली, हे त्यांना नेमके दिसले होते.

नव्या शिक्षणाने शहाणे झालेले पुरुषही त्यांच्या तडाख्यातून सुटले नाहीत. साहेबी पोशाख करणारे, सभांतून सुधारणेची भाषणे देणारे आणि घरी मात्र जुन्या रीतीवर बोट ठेवणारे बाबू त्यांनी मनसोक्त सोलून काढले आहेत. कादंबरीकार आणि नाटककार यांनी रंगविलेली स्त्री कशी खोटी आहे, हेही त्या सांगतात. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. साहित्यातील स्त्रीप्रतिमेची एका स्त्रीने केलेली ही आरंभीची चिकित्सा होय.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. इंग्रजी राज्यावर ताराबाईंचा फार विश्वास आहे. त्या राज्याने स्त्रीशिक्षणाची वाट उघडली, एवढ्यावर त्या संतुष्ट दिसतात. पतिव्रतेचा आदर्श त्या मोडीत काढीत नाहीत, तर पतीनेही त्यास पात्र असावे अशी अट घालतात. वेश्यांविषयी लिहिताना त्यांची लेखणी निष्ठुर होते. विधवेच्या कृत्यामागील परिस्थिती जिला इतकी स्वच्छ दिसली, तिला वेश्येच्या मागील परिस्थिती तितकी दिसली नाही. चिकित्सकाची दृष्टीही काही ठिकाणी आपल्या घराच्या उंबऱ्याशी अडते.

४.५ मन आणि व्यवस्था : नंतरच्या विचारांच्या प्रकाशात

आता युरोपकडे वळू. व्हिएन्नातील मनोविश्लेषक आल्फ्रेड आडलर हे १९११ मध्ये फ्रॉइड यांच्यापासून वेगळे झाले आणि त्यांनी आपल्या विचाराला व्यक्तिमानसशास्त्र असे नाव दिले. न्यूनगंड ही कल्पना आज घरोघरी बोलली जाते, तिचा प्रसार त्यांच्यामुळे झाला. स्त्रिया स्वभावतः दुय्यम आहेत, हा समज त्यांनी अमान्य केला. पुरुषांना मिळालेल्या विशेषाधिकारांमुळे मुलीच्या मनात लहानपणापासून कमीपणाची भावना रुजते आणि मग त्या भावनेलाच तिचा स्वभाव म्हटले जाते, अशी त्यांची मांडणी होती. ताराबाईंनी निबंध लिहिला तेव्हा आडलर बारा वर्षांचे होते.

१९२३ मध्ये फ्रांकफुर्ट येथे समाजसंशोधनाची एक संस्था स्थापन झाली. माक्स होर्कहायमर, एरिक फ्रॉम, थिओडोर आडोर्नो ही तिच्याशी निगडित नावे. समाजाचे केवळ वर्णन न करता त्यातील अन्याय उघड करणारा विचार, या अर्थाने त्यांनी चिकित्सक सिद्धान्त ही संज्ञा रूढ केली. त्यांच्यापुढे एक कोडे होते. ज्या व्यवस्थेत माणसाचे नुकसान होते तिलाच तो मनापासून का कवटाळतो? केवळ अर्थशास्त्राने त्याचे उत्तर मिळेना, म्हणून ते मानसशास्त्राकडे वळले. १९३६ मध्ये त्यांनी अधिकारसत्ता आणि कुटुंब यांवरील मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सत्तेपुढे मान तुकविण्याचे वळण बालकाला कुटुंबातच लागते, समाजाची आज्ञा कुटुंबामार्फत मनात उतरते आणि पुढे तीच स्वतःचा आवाज वाटू लागते, असे त्यात दाखविले आहे. आपल्याकडील सून सासू झाल्यावर जे करते ते पाहिले की हा मुद्दा समजण्यास वेगळे उदाहरण लागत नाही.

मात्र आडोर्नो यांनी एक इशारा दिला होता. मन आणि समाज यांना घाईने एकत्र कालवू नये. माणसाचे दुःख केवळ त्याच्या मनात शोधले तर आपण त्याला अन्यायाशी जुळवून घ्यावयास शिकवितो, आणि केवळ व्यवस्थेत शोधले तर जिवंत माणूस हरवतो. ताराबाईंना या चर्चेची पूर्वसूरी ठरविण्याचा अट्टहास करण्याचे कारण नाही. त्यांच्यासमोर सिद्धान्त नव्हता, एक खटला होता. पण या दोन्ही चुका त्यांनी बऱ्याच अंशी टाळल्या. विधवेची भीती, लाज, ओढ यांचे वर्णन करताना त्या तिच्या मनात शिरतात, आणि त्याच वाक्यात ही भीती घालणाऱ्याचे नाव घेतात. मन हे त्यांच्यासाठी पुरावा आहे, आरोपी नव्हे.

तुलनेसाठी त्याच वर्षाचे दुसरे पुस्तक घ्या. पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' १८८२ मध्येच प्रसिद्ध झाले. त्यात स्त्रियांना उद्योग, विद्या, संयम यांचा उपदेश आहे. सुधारणा स्त्रीने स्वतःपासून सुरू करावी, असा त्याचा रोख आहे. पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, रमाबाईंनी इंग्रजीतून उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिले तेव्हा त्यांची नजर उपदेशाकडून व्यवस्थेकडे वळली होती. ताराबाईंची ती आरंभापासूनच तिकडे होती. याचे एक कारण असे संभवते की रमाबाई स्त्रियांशी बोलत होत्या आणि ताराबाई पुरुषांशी. ज्याच्या हाती नियम आहे त्याच्याशी बोलताना उपदेशाला जागा उरत नाही.

४.६ निबंधानंतर

निबंधाचे स्वागत कसे झाले? उपहास झाला, आणि तो केवळ सनातन्यांकडून नव्हे. सत्यशोधक मंडळींपैकीही काहींना एका बाईने पुरुषांना असे फैलावर घेणे रुचले नाही. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली, मुलीच्या नात्याने त्यांचा उल्लेख केला आणि आपल्या सहकाऱ्यांना त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यास बजावले. जातीच्या अन्यायाविरुद्ध लढणारा माणूस घरातील अन्यायाला आंधळा असू शकतो, हे त्यांना आपल्याच माणसांत पाहावे लागले.

त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. १९१० च्या सुमारास त्यांचे निधन झाले. या मौनाचे कारण त्यांच्या स्वभावात शोधावयाचे की टीकेत, बुलढाण्यासारख्या दूरच्या गावात, छापखान्यापासून आणि समविचारी स्त्रियांपासून तुटलेल्या आयुष्यात? रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला; तेथे स्त्रिया एकत्र जमत होत्या. ताराबाईंपाशी असे काही नव्हते. लेखन हे एकटीच्या प्रतिभेने सुरू होते, पण ते चालू राहण्यास ऐकणारे कोणी असावे लागते.

निबंधही त्यांच्यासोबत विस्मृतीत गेला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला स्थान मिळाले नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये त्याची नवी आवृत्ती संपादित करून प्रसिद्ध केली, तेव्हा पहिल्या छपाईला ९३ वर्षे लोटली होती. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते आणि स्त्रीमुक्तीच्या चळवळीला महाराष्ट्रात बळ येत होते. त्यामुळे या वेळी पुस्तकाला वाचक मिळाले. १९९४ मध्ये रोझलिंड ओहॅन्लन यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले आणि बुलढाण्याच्या या लेखिकेचे नाव जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले.

उपक्रम : 'स्त्रीपुरुषतुलना' मिळवून वाचा. स्त्रियांवरील कोणताही एक आरोप निवडा आणि त्यासंबंधीच्या मजकुरात मनाविषयीची वाक्ये एका रंगाने, रूढी-नियमांविषयीची दुसऱ्या रंगाने खुणा करून वेगळी करा. काही वाक्ये दोन्ही रंगांत जातील. त्यांची स्वतंत्र नोंद ठेवा. त्यानंतर आपल्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वयस्कर स्त्रीला, कोणाचे नाव न घेता, विचारा : तिच्या तरुणपणी गावात एखाद्या बाईविषयी वाईट बोलले जाई तेव्हा नेमके कोणते शब्द वापरले जात, आणि तेच वर्तन पुरुषाने केले तर त्याला काय म्हणत. ती सांगेल ते तिच्याच बोलीत, वऱ्हाडीत असेल तर वऱ्हाडीत, लिहून घ्या आणि संपर्कसत्राला येताना सोबत आणा.